गोधडी वाळत नाही तेव्हा

जुलैत कर्जतला रुमालसुद्धा दोन दिवस वाळत नाही, गोधडी तर विसराच. हे मला लहानपणापासून पाठ आहे, कारण अकरा वर्षांचा होईपर्यंत मी झोपेत अंथरूण ओलं करायचो.

आजी तीळ-गूळ भरवायची. आई संध्याकाळी सातनंतर पाणी देत नसे. बाबा मात्र सकाळी ओली गोधडी मलाच उचलायला लावायचे आणि पडवीतल्या दोरीवर टाकायला सांगायचे. येणाजाणाऱ्याला ती दिसायची. मामाचं घर खोपोलीला, लोकलनं जेमतेम अर्धा तास. मे महिन्यात सगळी भावंडं तिथं गच्चीवर झोपायची. मी मात्र पोट दुखतंय म्हणून संध्याकाळच्या गाडीनं परत यायचो.

मग एके वर्षी ते आपोआप थांबलं. मी इंजिनिअर झालो, पुण्यात नोकरीला लागलो आणि तो विषय पुरून टाकला.

गेल्या पावसाळ्यात ताईचा फोन आला. भाचा सात वर्षांचा आहे. "याला मुद्दाम करायची सवय लागलीय का रे?" तिनं विचारलं. त्या रात्री मी कामाचा लॅपटॉप बाजूला ठेवून वाचत बसलो.

मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिथून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात येतं आणि मूत्रपिंडांना सांगतं, पाणी बाहेर सोडू नका, परत शोषून घ्या. रात्री त्याचं प्रमाण वाढतं, म्हणून आपण सात-आठ तास न उठता झोपू शकतो. आमच्या भाषेत, रात्री आपोआप चालणारा जॉब. १९८०च्या दशकात डेन्मार्कमधल्या आरहूसच्या संशोधकांना दिसलं की अंथरूण ओलं करणाऱ्या काही मुलांमध्ये ही रात्रीची वाढ होतच नाही. मूत्रपिंडं दिवसासारखीच काम करत राहतात, मूत्राशय भरतं आणि गाढ झोपेतल्या मुलाला जाग येत नाही.

सगळ्यांचं कारण हेच नसतं. कुणाचं मूत्राशय लवकर भरतं, कुणाला बद्धकोष्ठ असतं. पण 'मुद्दाम' हे कारण मला कुठंच सापडलं नाही. पाच वर्षांच्या साधारण १५ टक्के मुलांना हा त्रास असतो आणि दरवर्षी त्यातल्या साधारण १५ टक्के मुलांचा तो आपसूक थांबतो. ओल लागताच वाजणारा अलार्म असतो. व्हॅसोप्रेसिनसारखं काम करणारं डेस्मोप्रेसिन हे औषधही असतं, पण ते डॉक्टरांनीच द्यायचं. ते घेतल्यावर रात्री जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. आणि सहा महिने कोरडं राहिलेलं मूल अचानक पुन्हा ओलं करू लागलं किंवा त्याला सारखी तहान लागू लागली, तर थांबायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं.

मग एका ओळीवर मी अडकलो. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या वर जाते.

शनिवारी घरी गेलो. आवणी नुकतीच संपली होती. बाबा पडवीत पाय धूत होते. मी सरळ विचारलं. ते बराच वेळ पायावर पाणी ओतत राहिले.

"आठवीपर्यंत," ते म्हणाले.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"मला माझा बाप मारायचा. मी तुला मारलं नाही. मला वाटलं, तेवढं पुष्कळ झालं."

मला राग यायला हवा होता. आलाही. पण त्यांच्यापुढं तो काढावासा वाटेना.

पुढच्या रविवारी ताई आली. भाचा सकाळी गोधडीवर मुटकुळं करून बसला होता, उठायलाच तयार नव्हता. बाबा त्याच्याजवळ जाऊन बसले. "माझंपण असंच व्हायचं," ते म्हणाले. भाच्यानं वर बघितलं.

"मग तुमची गोधडी कोण उचलायचं, आजोबा?"

"मीच," बाबा म्हणाले. मग त्यांनी त्याची गोधडी उचलली आणि पडवीत न नेता मागच्या खोलीत पंख्याखाली पसरली.