वेसाव्या, तुझी वाळवणं नकाशावर हवीत

वेसावे गावास,


८ जून २०१४ पासून मेट्रोच्या पाटीवर तुझं ‘वर्सोवा’ हे नाव आहे. घाटकोपरहून निघालेली गाडी अंधेरी ओलांडते, शेवटच्या स्थानकाची घोषणा होते आणि नवखा माणूस उतरून समुद्र शोधू लागतो. समुद्र तिथे नाही, तूही नाहीस. रिक्षा करून सात बंगल्याच्या पुढे यावं लागतं. इमारती मागे पडतात, गल्ल्या अरुंद होतात, सुक्या म्हावऱ्याचा वास येतो, तेव्हा कुठे तुझी हद्द लागते. उपनगरातली आम्ही बरीच माणसं त्या हद्दीच्या अलीकडूनच चौपाटी बघून परत फिरतो. हे पत्र तुला लिहितोय खरं, पण ते त्या माणसांनीही वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आरेच्या डोंगरात उगम पावलेली ओशिवरा नदी मालाडच्या खाडीला मिळते आणि ती खाडी तुझ्या आणि मढच्या मधून समुद्रात उतरते. या तोंडावर तू वसलंस, कारण होड्यांना इथे आडोसा मिळाला. पलीकडचं मढ तरीतून काही मिनिटांवर, आणि रस्त्याने जायचं तर मालाडला वळसा घालून तास-दीड तासावर. माणसं, मोटारसायकली, माशांच्या पाट्या, सगळं त्या तरीतून जातं.

तुझ्या नावाचा किल्लाही पलीकडेच, मढच्या टोकावर आहे. पोर्तुगीजांनी तो बांधला तो खाडीच्या तोंडावर नजर ठेवायला. १५३४ च्या वसईच्या तहाने हे साष्टी बेट त्यांच्या हाती गेलं आणि दोनशे वर्षं राहिलं. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३९ च्या सुरुवातीला मराठ्यांनी हा किल्ला घेतला, त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. १७७४ मध्ये इंग्रज आले. आज किल्ला हवाई दलाच्या ताब्यात आहे आणि बहुतेकांनी तो सिनेमातच पाहिला आहे. पुढे पारशी धनिकांनी आणि संस्थानिकांनी तुझ्या हवेसाठी बंगले बांधले, सात बंगला आणि चार बंगला ही नावं त्यांचीच. दादाभाई नौरोजी उतारवयात तुझ्याकडेच येऊन राहिले. राज्यं बदलली, बंगले पाडून टॉवर झाले. तुझी माणसं मात्र प्रत्येक राज्यात भरतीची वेळ बघून निघत राहिली.

तुझी खरी श्रीमंती डोल जाळ्यात आहे. समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं, पुढे रुंद आणि मागे निमुळतं होत जाणारं हे जाळं माशाचा पाठलाग करत नाही. ते पाण्याच्या ओढीकडे तोंड करून राहतं आणि ओढच बोंबील, जवला, मांदेली आत आणून सोडते. म्हणून होडी चालवणाऱ्या तांडेलाला तिथी पाठ असते, मोठ्या भरतीचं उधाण कधी आणि लहान भरतीची भांग कधी हे त्याला सांगावं लागत नाही. होडी किनाऱ्याला लागली की पुढचं सगळं बायकांच्या हाती. ओला माल बाजारात, उरलेला वाळवणाला. पाणीदार, हातात धरवत नाही असा बोंबील, पण त्याचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करतात आणि बांबूच्या वलांडीवर दोरीला टांगतात. ऊन आणि खारा वारा बाकीचं काम करतात. पावसाळ्यात कोळणीच्या पाटीतून आमच्या चाळीत जे सुकट, बोंबील येत, ते या वाळवणावरचे.

सुक्या मासळीवरून आठवलं, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्गन नावाचं शहर आहे. डोंगर, खाडी आणि आपल्या उपनगरासारखाच वर्षाला दोन मीटरांहून जास्त पाऊस, फक्त तो बारा महिने वाटून पडतो. ते शहर मोठं झालं सुक्या माशावर. उत्तरेकडे लोफोतन बेटांवर कॉड मासा मिठाशिवाय, लाकडी मांडवांवर थंड वाऱ्यात वाळवायचे, तो बर्गनच्या धक्क्यावर यायचा आणि तिथून जर्मन व्यापारी तो युरोपभर न्यायचे. चौदाव्या शतकात त्यांनी धक्क्यावर पेढी थाटली. धक्क्याची लाकडी घरं १७०२ च्या आगीत जळाली, लोकांनी ती जुन्याच आखणीवर परत उभी केली, आणि १९७९ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हटलं. जगभरचे प्रवासी ती रंगीत रांग बघायला जातात.

बर्गनचं मला कौतुक आहे. सुक्या माशाने आपल्याला शहर केलं हे ते लोक अभिमानाने सांगतात, आपण मात्र बसमध्ये कोळणीची पाटी आली की नाकाला रुमाल लावतो. पण त्या धक्क्यावरून मासळीचा तो व्यापार उठला. घरं राहिली, त्यांत दुकानं, हॉटेलं, संग्रहालय आलं. तुझं तसं होऊ नये, वेसाव्या. तुझ्या गल्ल्या रंगवून, फोटोसाठी दोन होड्या वाळूवर ठेवून कुणी तुला जपल्याचं म्हणेल, तर ते मला पुरेसं वाटणार नाही.

तुझ्यावर प्रेम करणारी माणसं आहेत. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी तुझी चौपाटी साफ करायला घेतली. प्लास्टिकच्या थरांत पाय रुतत, तरी दर शनिवार-रविवारी माणसं जमत गेली. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं निघाली आणि समुद्राकडे गेली. ‘अंधेरीचा राजा’ गणपती संकष्टीला विसर्जनासाठी मिरवत येतो तो तुझ्याच किनाऱ्याला, आणि त्याला खोल पाण्यात नेणारे हात तुझ्या कोळ्यांचे. वेसावकर मंडळींच्या गाण्यांवर तर सगळा महाराष्ट्र हळदीत नाचतो.

पण खाडीचं तोंड गाळाने भरत चाललंय. ओहोटीला होड्या चिखलात टेकतात आणि भरतीची वाट बघत थांबतात. समुद्रात वांद्रे–वर्सोवा सेतूचे खांब उभे राहत आहेत, मढचा पूल होऊ घातलाय, उत्तरेला किनारी रस्ता खारफुटीतून भाईंदरकडे जायचा आहे. आम्ही अंधेरीच्या कोंडीत आयुष्य घालवणारी माणसं, रस्ते आम्हाला हवेतच. पण ज्या ओढीवर जाळं भरतं आणि ज्या खारफुटीत मासळीची पिल्लं वाढतात, त्यांचा हिशेब रस्त्याच्या खर्चात धरायलाच हवा. तो हिशेब तुझ्या तांडेलांना समोर बसवल्याशिवाय मांडता येणार नाही.

कोळीवाड्यांच्या सीमांकनाची चर्चा किती वर्षं चालली आहे, तुला माहीत आहे. त्यात घरांच्या भिंती मोजल्या जातात. मोजणीला माणसं येतील तेव्हा तू त्यांना आधी वलांड्यांकडे ने. होड्या ओढून ठेवायची वाळू, जाळी विणायची अंगणं, मासळी उतरवायचा धक्का, जवला पसरायची मोकळी जमीन, ही सगळी गावठाणाइतक्याच ठळक रेषेने नकाशावर काढून घे. नकाशावर जी जागा रिकामी दिसते ती मुंबईत फार दिवस रिकामी राहत नाही. आणि त्या बैठकीला गल्लीगल्लीतल्या बायकांना पुढे बसव, वाळवणाला किती जागा लागते हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

तुझा शेजारी,
एक अंधेरीकर