न विकलेला कॅमेरा

अण्णांनी मला कॅमेरा विकला नाही. त्यांचं माझ्यावर जे ऋण आहे त्याची सुरुवात इथून होते, म्हणून ते आधी सांगते.

राजापूरच्या बाजारपेठेत त्यांचा स्टुडिओ होता, माडीवर. अर्जुना नदीला पूर आला की पाणी जवाहर चौकात चढतं, तेव्हा तळमजल्यावर निगेटिव्ह ठेवण्यात अर्थ नव्हता. जिना चढलं की काचेचं कपाट. त्यात विकायला ठेवलेले दोन-तीन कॅमेरे आणि रोलची खोकी. धंदा म्हणाल तर दहावीच्या फॉर्मचे पासपोर्ट फोटो, लग्नं, साठीशांत. उन्हाळे गावी गंगा प्रकटली की स्नानाला येणाऱ्यांची रीघ लागे, तेव्हा अण्णा जेवायलाही घरी जात नसत.

1986-87ची गोष्ट असावी. हॉट शॉट कॅमेऱ्याची जाहिरात तेव्हा पोरासोरांना पाठ होती. आजीने दिलेले पैसे घेऊन मी तोच कॅमेरा मागायला गेले. अण्णांनी कपाट उघडलं नाही. म्हणाले, “काढायचंय काय?”

“सगळंच.”

“म्हणजे अजून ठरलेलं नाही. बरं, दर महिन्याला रोलचे, धुण्याचे नि कॉप्यांचे पैसे कोण देणार? आणि पावसाळ्यात ठेवणार कुठे?”

मला एकाही प्रश्नाचं उत्तर येईना. “मग पैसे पोस्टात टाक,” म्हणाले, आणि आतून आग्फाचा क्लिक थ्री आणून माझ्यापुढे ठेवला. “कॅमेरा माझा, रोल तुझा. शिमग्याआधी परत हवा.”

दुकानदाराने आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं, वर आपली वस्तू त्याच्या हाती द्यायची! आमच्या बाबांना यात काहीतरी गोम वाटली. मुलीने कॅमेरा घेऊन गावभर फिरणं हाही प्रश्न होताच. अण्णांनी बाबांना माडीवर बोलावून होमाई व्यारावालांबद्दल सांगितलं. स्पीड ग्राफिकसारखं धूड पेलत साडीतल्या त्या बाईंनी दिल्लीत नेहरूंपासून माउंटबॅटनपर्यंत सगळ्यांचे फोटो काढले, हे ऐकून बाबा गप्प झाले. पटलं होतं की नुसते निरुत्तर झाले होते, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

क्लिक थ्री बडोद्याला बनायचा. 120चा रोल, बारा चौकोनी फोटो. भिंगापाशी ऊन आणि ढग अशा खुणा. त्यापलीकडे ठरवण्यासारखं फारसं काही नाही. फार जवळ गेलं की धूसर, आणि संध्याकाळ झाली की कॅमेरा पिशवीत. पण त्यामुळेच बारा फोटोंत काय बसवायचं याचाच विचार डोक्यात राही. कोणत्या वेळी ऊन कुठून येतं, माणूस किती अंतरावर उभा केला तर चेहरा ओळखू येतो, हे त्या डब्याने शिकवलं. आजही कोणी फीचर्सची यादी वाचून दाखवू लागलं की मला तो कॅमेरा आठवतो.

अण्णांचं स्वतःचं काम चाले यशिका 635वर. दोन भिंगं एकावर एक. वरच्यातून बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा. त्यात मोठा चौकोनी रोल चाले आणि जोडसामान बसवलं की 35 मिलिमीटरचाही. पासपोर्टवाल्यांना त्याची फार सोय होती. वरून मान खाली घालून काचेत बघायचं. त्यामुळे समोरच्याला आपल्यावर कोणी डोळा रोखलाय असं वाटत नसे. खेड्यातून प्रथमच फोटोला आलेल्या म्हाताऱ्या त्या कॅमेऱ्यासमोर लवकर सैल होत. चित्र मात्र काचेत डावं-उजवं उलटं दिसे. बाळ उजवीकडे सरकलं की आपला हात भलतीकडे वळायचा आणि अण्णा खो-खो हसायचे.

मग आला पेंटॅक्स के1000. आखातातून सुटीवर आलेल्या कुणीतरी तो अण्णांना विकला होता. नावातला हजार म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, त्याच्या शटरचा सर्वात जास्त वेग. सगळं यांत्रिक. बॅटरी फक्त आतल्या प्रकाश मोजणाऱ्या काट्यापुरती. ती संपली तरी फोटो निघतोच. बंद-चालूचं बटण नव्हतं, म्हणून लेन्सला टोपण घालायचं, म्हणजे काटा झोपतो. “टोपण!” ही अण्णांची हाक मी इतक्यांदा ऐकलीय की कोणत्याही कॅमेऱ्याचं टोपण उघडं दिसलं की माझा हात आपोआप पुढे जातो.

धूतपापेश्वराच्या धबधब्यावर त्यांनी मला तो हातात दिला. हजारावर लावलं की पाण्याचे थेंब सुटे गोठतात. पंधरावर आणलं, कठड्यावर टेकवला, की तेच पाणी पिंजलेल्या कापसासारखं दिसतं. शटर लांबवलं तर भिंगाचं तोंड लहान करायचं, नाहीतर सगळं पांढरं. हे पुस्तकात तेव्हाही होतं. पण एकाच जागी उभं राहून दोन्ही फोटो काढायचे, रोल धुवायचा, लाल दिव्याखाली कागदावर चित्र उमटताना बघायचं, तेव्हा ते हाडीमाशी खिळतं. शटर आणि भिंगाचं तोंड, या दोन चकत्या आज शेकडो पर्यायांच्या मेनूमागे लपल्यात, एवढंच. कॅमेरा शिकायचा म्हणजे त्या दोन शोधून काढायच्या. बाकीचं वर्षभर बघितलं नाही तरी चालतं.

पावसाळ्याचा प्रश्न अण्णांनी उगाच विचारला नव्हता. कोकणात जून लागला की भिंगाच्या आत बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात आणि फार दिवस राहिले तर काचेवरचा लेप खाऊन टाकतात. मग साफ करूनही उपयोग नाही. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा ठेवणं सर्वात वाईट, कारण चामडं ओल धरतं. अण्णांच्या कपाटात झीरोचा दिवा रात्रंदिवस जळे. लोकांना वाटे देवाला लावलाय.

उधारीच्या वहीत माझं पान होतं. रोल, धुणावळ, कॉप्या, सगळं तारखेनिशी. नोकरी लागल्यावर मी हिशेब चुकता केला तेव्हा त्यांनी पै न पै मोजून घेतली, सूट म्हणून आठ आणेही सोडले नाहीत. कॅमेऱ्यांच्या भाड्याचा रकाना मात्र त्या वहीत नव्हताच. मी विचारलं तर म्हणाले, “ते भाड्याने दिले नव्हते गो.” तेवढंच. जे मोजलं गेलं ते फिटलं. उरलेल्याची नोंदच नव्हती, तर फेडू कशी?

डिजिटल आल्यावर अण्णा गहिवरले वगैरे नाहीत. फिल्मच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांनी एक पावसाळा हायपोच्या वासात काढावा, असं ते म्हणत. डीएसएलआर घेतला, डार्करूममध्ये प्रिंटर आणून बसवला. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. हल्ली पोरं माझ्याकडे येतात, “कुठला कॅमेरा घेऊ?” म्हणून, आणि मी अण्णांचेच तीन प्रश्न विचारते, फक्त रोलच्या जागी लेन्सचे पैसे आले.

कातळशिल्पं काढायची आहेत? मग कॅमेरा घेऊच नका. बारसूच्या सड्यावर सकाळी किंवा कलत्या उन्हात जा. ऊन तिरपं पडलं की खोदलेल्या रेषांत सावली भरते आणि साधा फोनही ती नीट टिपतो. दुपारी बाराला लाखाचा कॅमेराही हात टेकेल. (रेषा दिसाव्यात म्हणून खडूने भरणाऱ्यांना काय म्हणावं ते इथे लिहिण्यासारखं नाही.) कशेळीचा हत्ती इतका मोठा आहे की जमिनीवरून तो धड मावत नाही, त्याला उंची लागते, भारी लेन्स नव्हे.

देवरुखकडचे धनेश टिपायचे असतील आणि पैसे बेताचे असतील तर ब्रिज कॅमेरा. बॉडीला कायमची जोडलेली लांब पल्ल्याची झूम, वजन आटोपशीर. पण त्याचा सेन्सर बहुधा जेमतेम 6.2 बाय 4.6 मिलिमीटर. एपीएस-सी म्हणतात तो साधारण 23.5 बाय 15.6, म्हणजे क्षेत्रफळात तेरापट. भर उन्हात फरक जाणवत नाही. सांज झाली की पिसांचा चिखल होतो. छोटे खिशातले कॅमेरे मात्र सोडून द्या, त्यांचं काम फोनने खाल्लं.

आणि शिमग्याची पालखी? ती रात्रीची, होळीच्या आणि मशालींच्या उजेडातली. इथे मोठा सेन्सर हवा आणि त्याहून जास्त मोठ्या तोंडाचं भिंग. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी 18-55 लेन्स पुढे खेचली की तिचं तोंड 5.6वर येतं, 1.8ची साधी लेन्स त्याच्या जवळजवळ दसपट उजेड आत घेते. 50 मिलिमीटरची 1.8 सर्वात स्वस्त, पण एपीएस-सीवर ती जरा लांबची वाटते. के1000वरच्या 50ची जागा तिथे 35 घेते.

राहिला डीएसएलआर की मिररलेस हा वाद. कॅनन आणि निकॉन या दोघांनी 2020 नंतर डीएसएलआरचं नवं मॉडेल आणलेलं नाही. नव्या लेन्स आता मिररलेससाठी निघतात. जो पुढची दहा वर्षं यात राहणार आहे आणि ज्याच्या खिशाला झेपतं त्याने मिररलेस घ्यावा. फोटो किती उजळ येणार ते बटण दाबण्याआधीच दिसतं, शिकणाऱ्याला हे वरदान आहे. पण खिसा हलका असेल तर वापरलेला डीएसएलआर हाच माझा कौल, कारण लोक तो आता कवडीमोलाने काढताहेत. मुंबईत बोरा बाजारात गेलात तर लेन्स उजेडाकडे धरा, मागून टॉर्च मारा. धागे दिसले तर खाली ठेवून पुढच्या दुकानात जा. पूर्ण आकाराच्या, 36 बाय 24च्या सेन्सरचा नाद नवख्याने करू नये. बॉडी एकदाच घ्यावी लागते. तिच्या लेन्सचं वजन आणि किंमत जन्मभर पेलावी लागते.

माझ्याकडे एक जुना डीएसएलआर आणि 35 मिलिमीटरची लेन्स आहे. राजापूर-लांज्याकडचं कोणी शिकणारं असेल तर घेऊन जा. मेमरी कार्ड तुमचं, आणि शिमग्याआधी परत हवा. त्या दिवसांत तो मला लागतो.