पहिला हात

दिवाळीआधी खिडक्यांचे गज रंगवायचे ठरले की आमच्या घरी रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडायचा. आधी तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, मग पॉलिशपेपर, मग टर्पेंटाइनचं फडकं, आणि त्यानंतर रेड ऑक्साइड. शेजाऱ्यांचे गज तोवर हिरवेगार होऊन झालेले असत. आमचे मात्र दोन दिवस विटकरी आणि निस्तेज. बाबा नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या कारखान्यात विमानांच्या रंगकामावर होते. घरच्या गजालाही त्यांचा नियम तोच होता.

ओझरचा कारखाना १९६४ साली उभा राहिला तो मिग-२१ साठी. विमानाची बांधणी आणि जुळणी इथे, इंजिनं ओडिशात कोरापुटला. भारताने वापरलेल्या आठशेहून अधिक मिग-२१ पैकी सहाशेहून अधिक एचएएलने बांधली. आमच्या वसाहतीतली मुलं आवाज ऐकायला गच्चीवर धावायची. मला रंगांचं वेड. अ‍ॅल्युमिनियमवर झिंक क्रोमेटचं पिवळट हिरवं प्रायमर का बसतं, हे बाबांनी मला गज घासता घासता समजावलं. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, पण तेही झिजतं, पांढरी भुकटी होऊन आतून पोखरलं जातं. क्रोमेट ती झीज रोखतं. त्यातलं क्रोमियम माणसाला मात्र घातक, कर्करोगाला कारण होणारं, म्हणून मास्कशिवाय फवाऱ्याजवळ जायचं नाही. त्या थराबद्दल बाबा जितक्या आदराने बोलत, तितकं बाहेरच्या रंगाबद्दल बोललेले मला आठवत नाहीत.

कॉलेजात असताना मी विमानांच्या मॉडेलची १/७२ प्रमाणातली छोटी किट ब्रशने रंगवली. नोकरी लागल्यावर एअरब्रश घेतला, मग टाकीवाला कॉम्प्रेसर. ही सगळी वर्षं चांगली गेली, पण खरं शिकणं सुरू झालं ते ट्रम्पेटरच्या १/३२ च्या मिग-२१ एमएफपासून. नाशिकला बांधलेल्या ‘एम’ प्रकाराशी हे रूप जवळजवळ जुळतं. खरं विमान साधारण पंधरा मीटर लांब, म्हणजे हे मॉडेल जवळपास अर्धा मीटर. एवढ्या आकारात काहीही लपत नाही.

मिगचं धड म्हणजे एक लांब नळी. किटमध्ये ती दोन अर्ध्या भागांत येते आणि वर-खाली लांबलचक जोड राहतो. खऱ्या विमानावर त्या जागी असा जोड नाही, तेव्हा तो नाहीसा करायलाच हवा. लांबी भरायची, वाळू द्यायची, पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरने घासायचं. मग कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने सगळं धुवायचं, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट अंश आणि आपल्याच बोटांचं तेल प्लॅस्टिकवर असतं आणि त्यावर रंग धरत नाही. एवढं करून समोर उरतं ते ठिगळांचं विमान: फिकट प्लॅस्टिक, पांढरी लांबी, मध्येच धातूचे बारीक भाग. नजर ठिगळांवरच अडकते, आकारावर जात नाही.

इथे राखाडी प्रायमर लागतं. हल्लीचे अ‍ॅक्रिलिक रंग थेट प्लॅस्टिकवर बसतात, प्रायमर कशाला, असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी मोठ्या पंखावर मास्किंग टेप लावून ती एकदा ओढून बघावी. टेपबरोबर रंगाची साल येते. शिवाय राखाडीवर उजेड आणि सावली दोन्ही दिसतात. काळ्यावर सावली बुडते, पांढऱ्यावर उजेड. बोटाला गुळगुळीत लागलेला जोड राखाडी हात बसताच केसाएवढी रेघ होऊन वर येतो.

आणि तो हात पातळच हवा. हिशेब साधा आहे. मॉडेलवर ३० मायक्रॉनचा थर बसला, तर त्या प्रमाणात खऱ्या विमानावर तो जवळपास एक मिलिमीटर जाड झाला. एवढ्या जाडीखाली पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा आणि रिव्हेटचे ठिपके बुजतात. म्हणून प्रायमर दुधाइतकं पातळ करायचं, दाब १५ ते २० पीएसआय ठेवायचा आणि तीन-चार हलके हात द्यायचे. माझ्या एअरब्रशचा घोडा खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की रंग. हवा आधी सुरू करायची, रंग नंतर. फवारा विमानाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, नाहीतर दोन्ही टोकांना थेंब साचतात. लांबून मारलं तर रंग वाटेतच वाळून खरखरीत बसतो. जवळून मारलं तर ओघळतो. मनगट न वळवता अख्खा हात सरकवायचा, हे मला बाबांनी शिकवलं. त्यांच्या हातात मोठी स्प्रे गन असे, हालचाल हीच.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला. १९६३ मध्ये हवाई दलातली त्याची सुरुवातही तिथलीच. बातम्या बघताना बाबा काहीच बोलले नाहीत. माझ्या टेबलावर तेव्हा धडाचे दोन भाग चिकटत होते. प्रायमर मारायला घेतलं तोवर परतीचा पाऊस आला होता. दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं आणि नळीतून थेंब आला की पूर्ण पंख पुन्हा घासावा लागतो. म्हणून पाणी अडवणारा फिल्टर दर थोड्या वेळाने रिकामा करत, मास्क लावून, खिडकीशी पंखा ठेवून मी काम केलं.

मला सगळ्यात आवडतं विमान ते हे, राखाडी. अजून त्यावर कुठल्या स्क्वॉड्रनचं चिन्ह नाही, कुठलं साल नाही, युद्ध नाही. नाकाच्या तोंडातला शंकू, मागे झुकलेले त्रिकोणी पंख, पाठीवरचा उंचवटा, एवढंच. आखणाऱ्यांनी कागदावर जे पाहिलं असेल, ते रंग चढण्याआधीच सगळ्यात स्पष्ट दिसतं. पुढे यावर चकचकीत काळा हात जाईल आणि त्यावर धातूचा रंग, कारण मला हे मिग उघड्या धातूचं करायचं आहे. पत्र्यापत्र्यागणिक चकाकी थोडी वेगळी, शेपटीकडे उष्णतेने निळसर-तपकिरी झालेली. काळ्या चकचकीत थरावर धुळीचा कणही दिसतो. त्यामुळे जे काही शोधायचं, ते राखाडीतच शोधून घ्यावं लागतं.

बाबांना आता बारीक दिसत नाही. मी मॉडेल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कॉकपिटच्या मागून शेपटीपर्यंत अंगठा हळूहळू सरकवला, मधे थांबले, पुन्हा मागे आले.

‘अगं, इथे हात लाव.’

मी लावला. मला काही कळलं नाही. दिवा तिरका धरला तेव्हा अर्ध्या बोटाएवढी रेघ दिसली. मी १००० नंबरचा पेपर पाण्यात टाकला, बाबांनी खुर्ची टेबलाकडे ओढली. काळा हात पुढच्या रविवारवर गेला. पाऊस थांबला नाही तर आणखी पुढे जाईल.