ब्रेकवर जाणारा पाय

झोप लागता लागता अंगाला बसणारा झटका हे दुखणं आहे आणि दुखणं म्हटलं की त्यावर गोळी असतेच, असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. औषधाच्या दुकानात ज्याचा जन्म गेला त्याची समजूत अशीच होत जाते. गिऱ्हाईक तक्रार सांगू लागतं आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपला हात मागच्या फळीकडे गेलेला असतो. या एका तक्रारीपुरतं तरी माझं मत आता पार बदललं आहे.

माझं मेडिकल तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या समोर आहे. ही तक्रार घेऊन येणारे कमी नाहीत. कुणी म्हणतं, डोळा लागला की खड्ड्यात पडल्यागत होतं. कुणाला जिन्याची पायरी चुकते, कुणाच्या अंगातून करंट जातो, कुणाला कानाशी कुणीतरी नावानं हाक मारतं. शेवटी मागणी मात्र दोनच गोष्टींची, ‘झोपेची गोळी द्या’ नाहीतर ‘शिरांची गोळी द्या’. झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही. अल्प्राझोलम, झोल्पिडेम ही औषधं 2014 पासून शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. पाकिटावर लाल चौकट असते, डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. मग उरतात बी-कॉम्प्लेक्स, मिथाइलकोबालामिन, कॅल्शियम. ‘अशक्तपणा आहे, महिनाभर घ्या’ हे वाक्य मी मनापासून म्हणत असे. माणूस समाधानानं जायचा आणि मलाही काम झाल्यासारखं वाटायचं.

पहिली शंका एका एसटी ड्रायव्हरमुळे आली. वस्तीच्या गाडीवरचा माणूस. दिवसभर कुंभार्ली घाटातून चढ-उतार, रात्री आडगावी मुक्काम आणि झोपायला गाडीतलंच मागचं लांब बाकडं. उजव्या पायाच्या शिरा आखडतात म्हणून गोळी मागायला आला. स्ट्रिप माझ्या हातात होती. ‘आखडतात म्हणजे नेमकं काय होतं?’ असं मी सहज विचारलं, तर त्यानं चप्पल काढली, माझ्या फरशीवर उजवी टाच टेकवली आणि पंजा खाडकन खाली दाबून दाखवला. म्हणाला, “शेठ, गाडी बंद हाय, चावी खिशात हाय. पर डोळा लागला की घाटातलं ते वळण येतंय, म्होरनं ट्रक येतोय आणि पाय ब्रेकवर जातोय. पत्र्यावर लाथ बसती आन् कंडक्टर दचकून उठून बसतोय.”

त्याच्या पायात काही बिघडलंय असं ते ऐकून मला वाटेना. दिवसभर जे काम केलं तेच पाय झोपेच्या उंबऱ्यावर पुन्हा करत होता. कुठलं वळण, ट्रक कुठल्या बाजूनं येतो, सगळं त्यानं इतकं नेमकं सांगितलं की मी हातातली स्ट्रिप फळीवर परत ठेवली. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो.

हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांचा एक प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला आहे. त्यांनी माणसांना तीन दिवस तासन्‌तास टेट्रिस हा ठोकळ्यांचा व्हिडिओ गेम खेळायला लावला आणि रात्री झोप लागताना त्यांना काय दिसतं ते विचारलं. अनेकांना वरून ठोकळे पडताना दिसत होते. त्यांच्यात काही स्मृती गेलेले रुग्णही होते. आपण हा गेम खेळलो हेही त्यांना दुसऱ्या दिवशी आठवत नव्हतं, पण झोप येताना ठोकळे त्यांच्यातल्याही काहींना दिसले. आपल्या ओळखीच्या ‘आठवणी’च्या खाली आणखी एक थर आहे आणि तो झोपेच्या तोंडाशी उघडा पडतो, हे वाचून मी थरारलो. त्या ड्रायव्हरचं घाटातलं वळण याच थरातलं असणार.

आता माझं स्वतःचं सांगतो. हे मी घरातही बराच काळ बोललो नव्हतो. रात्री दुकान बंद करून, जेवून अंथरुणाला पाठ टेकली की कधी कधी डोक्याच्या आत शटर आपटायचं. खरं लोखंडी शटर, पूर्ण ताकदीनं. दुखायचं काहीच नाही, पण मी ताडकन उठून बसायचो, छाती धडधडायची आणि शेजारी बायको शांत झोपलेली असायची. औषधं विकणाऱ्याला रोगांची नावं पाठ असतात, त्यामुळे मेंदूतल्या रक्तस्रावापासून गाठीपर्यंत सगळं मी मनातल्या मनात भोगून झालो होतो. दुकानातल्या यंत्रावर गुपचूप बीपी तपासत होतो. अखेर मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आवाजाबरोबर वेदना होते का, हातपाय लुळे पडतात का, एवढंच दोनतीनदा उलटसुलट विचारलं, तपासलं आणि सांगितलं, याला एक्स्प्लोडिंग हेड सिंड्रोम म्हणतात, यापासून धोका नाही. चिठ्ठीवर औषध एकही लिहिलं नाही. शटर अजूनही अधूनमधून पडतं. पण आता मी कूस बदलून झोपतो.

या विकाराचं पहिलं नीट वर्णन 1876 सालचं आहे, सायलस वेअर मिचेल या अमेरिकी डॉक्टरचं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापून टाकलेला पाय अजून दुखतो, असं सांगणाऱ्या सैनिकांचं म्हणणं मनावर घेणारा हाच माणूस. नसलेला पाय दुखतो हे ज्यानं थट्टेवारी नेलं नाही, त्याच्यापाशीच डोक्यात बार उडतो असं सांगायला माणसं धजावली, याचं मला नवल वाटत नाही. आजचं रूढ नाव दिलं ते इंग्लंडमधल्या जे. एम. एस. पियर्स यांनी, 1988 साली. आधी दहा आणि पुढच्याच वर्षी पन्नास रुग्णांच्या हकिकती त्यांनी गोळा केल्या. त्यांच्याकडे दाखवायला यंत्राचा पुरावा नव्हता, होत्या त्या फक्त हकिकती. माणसं गप्प बसली असती तर या विकाराचा पत्ताही लागला नसता.

माझं मत खऱ्या अर्थानं पालटलं ते झोप कशी लागते हे कळल्यावर. मला वाटायचं, जागेपण संपतं आणि झोप सुरू होते, मधे काही नाही. 2010 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी आधीच बसवलेल्या इलेक्ट्रोडवरून झोप येतानाच्या नोंदी घेतल्या. इंद्रियांकडून येणारी खबर मेंदूच्या वरच्या थरांना पोचवणारा थॅलॅमस हा भाग आधी विसावतो आणि वरचे थर त्यानंतर काही मिनिटांनी, असं त्यांना दिसलं. म्हणजे रात्री शटर अर्धं ओढल्यावर गिऱ्हाईक यायचं थांबतं, पण आत गल्ल्याचा हिशेब चालूच असतो, तशी ती मिनिटं. बाहेरचं काही आत येत नाही आणि आतला कारभार थांबलेला नाही. मग हाका ऐकू येतात, वळणं दिसतात. पेंगणाऱ्या माणसाला हलवलं तर ‘मी जागाच होतो’ असं तो कळवळून सांगतो, तेही मला आता खोटं वाटत नाही.

झटक्याचंही असंच. या वेळी स्नायू सैलावू लागतात, श्वास आणि नाडी मंदावते आणि जागेपण सांभाळणारा मेंदूच्या देठातला भाग हळूहळू पकड सोडतो. ही पकड सुटताना मधेच एखादा इशारा मज्जारज्जूतून खाली सुटतो आणि सगळं अंग एकदम आखडतं, अशी साधारण मांडणी आहे. झाडावर झोपणाऱ्या आपल्या पूर्वजांची ही पडण्यापासून वाचण्याची खूण असावी, असंही एक अनुमान आहे. ते अनुमानच आहे, पण ऐकायला मला आवडतं. शंभरातल्या साठ-सत्तर जणांना हा झटका कधी ना कधी बसतो. अतिश्रम, जागरण, काळजी आणि चहा-कॉफी यांनी तो वाढतो. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं जवळजवळ निम्मं कॅफिन रात्री अकराला अंगात शिल्लक असतं, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

नव्या बाळंतिणी येतात, “बाळ झोपेत सारखं दचकतं” म्हणून. त्यांच्याबरोबर आलेली आजी बहुतेक वेळा म्हणते, “सटवाई खेळवतीय त्याला, काही होत नाही.” पूर्वी मला या बोलण्याचा राग यायचा. सटवाईवर माझा आजही विश्वास नाही. पण आजीचा निष्कर्ष बरोबर आहे. निरोगी तान्ह्या बाळाचं हात फेकून दचकणं हा त्याच्या वाढीचाच भाग असतो आणि साधारण चार ते सहा महिन्यांत ते आपोआप जातं. त्या पोरीला घाबरू न देण्याचं काम आजी करते, मी ग्राइप वॉटरची बाटली पुढे करत होतो.

सगळ्यांनाच ‘काही नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही, हेही तितकंच खरं. रात्रभर ठरावीक वेळानं पाय झटकत असतील, झोपेत जीभ चावली जात असेल, अंथरूण ओलं होत असेल, घोरताना श्वास थांबत असेल, दिवसा बसल्या जागी डोळे मिटत असतील, तर मी डॉक्टरकडेच जायला लावतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी झटके वाढल्याच्या नोंदी आहेत, म्हणून चालू औषधंही विचारतो. स्वतःच्या मनानं ती बंद करू नका, डॉक्टरांना विचारा, हेही बजावतो. या सगळ्याला वेळ लागतो. पुतण्या आता दुकान बघतो, त्याला ही माझी चौकशी पसंत नाही. “काका, आपण विचारत बसतो आणि गिऱ्हाईक शेजारच्या मेडिकलमध्ये जातं,” असं तो म्हणतो. जातातही काही जण.

त्या ड्रायव्हरला मी आणखी एक प्रश्न विचारला होता, असं कधी चालत्या गाडीत होतं का? आधी ‘न्हाई’ म्हणाला. मग चप्पल पायात सरकवत म्हणाला, “एकदा झालतं. मान खाली गेली आन् झटक्यानं जाग आली.” बाकड्यावरचा झटका आणि स्टेअरिंगवरचा झटका यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. स्टेअरिंगवर मान झटकून जाग येते तेव्हा झोप आधीच लागून गेलेली असते. ताशी साठच्या वेगानं तीन सेकंदांत गाडी पन्नास मीटर गेलेली असते आणि तेवढा वेळ ती कुणीच चालवत नसतं. त्याला मी हा हिशेब कागदावर मांडून दिला. पुन्हा मान पडली तर गाडी कडेला घे, वीस मिनिटं डोळा लागू दे, प्रवासी ओरडले तरी ओरडू देत, आणि डेपोत लागोपाठच्या ड्युट्यांबद्दल बोल, असं सांगितलं. कागद त्यानं बिल्ल्याच्या खिशात ठेवला आणि विचारलं, “आन् बाकड्यावर पाय मारतोय त्याचं काय?” म्हटलं, “मारू दे त्याला. कंडक्टरला पुढच्या बाकड्यावर झोपायला सांग.”