नातीचा गणवेश



दशलक्षण पर्वात, नेमक्या उत्तम क्षमेच्या दिवशी मी नातीवर चिडले. आधी ते कबूल करते.

माझ्या थोरल्या लेकीची मुलगी अमेरिकेत हार्वर्डला दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी पूजा आटोपून बसले होते, तेवढ्यात तिचा फोन आला. "आजी, आरओटीसीच्या करारावर सही करतेय. पदवी मिळाली की मी सैन्यात लेफ्टनंट!"

"मुंगी चिरडू नये म्हणून तुला खाली बघून चालायला शिकवलं, आणि तू बंदूक धरणार?" एवढं बोलून मी फोन ठेवला.

दिवसभर जेवण गोड लागलं नाही. मग लेकीकडून सगळं नीट समजून घेतलं. मी बी.कॉम.; आधी हिशेब बघायची सवय आहे. कॉलेजात शिकता शिकता अधिकारी घडवायची ही योजना तिकडे १९१६ पासून आहे. सैन्य शिकवणीची फी भरतं, पुस्तकांना आणि हातखर्चाला पैसे देतं. त्या बदल्यात एकूण आठ वर्षांची बांधिलकी. त्यातली साधारण चार पूर्णवेळ नोकरीची. पहिल्या वर्षी सोडता येतं. दुसरं वर्ष लागलं की करार पक्का. मग सोडलं तर पैसे परत करा, नाहीतर सैन्यात सेवा करून फेडा. पोर पहाटे अंधारात उठून दोन स्टेशनं पलीकडे एमआयटीत कवायतीला जाते आणि परत येऊन वर्गात बसते.

मला वाटलं, फीसाठीच चाललंय. लेक म्हणाली, "आई, आम्ही कर्ज काढायला तयार होतो. तिलाच हवंय."

मग मी आपलं शास्त्र आठवलं. हिंसा चार प्रकारची: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाला संकल्पी हिंसा वर्ज्य. रक्षणासाठी नाइलाजाने घडते ती विरोधी. श्रवणबेळगोळला ज्यांनी बाहुबलींची मूर्ती उभारली ते चामुंडराय गंगांचे सेनापतीच होते. हे सगळं पाठशाळेत मीच मुलांना शिकवलंय. पण चामुंडराय पुस्तकात असतात, नात घरात असते.

तरी एक गाठ सुटेना. युद्ध रक्षणाचं आहे की नाही, हे तिने ठरवायचं नसतं. हुकूम दुसऱ्याचा, हात तिचा. कुठल्या शाखेत घालायचं, हेही शेवटच्या वर्षी सैन्य आपली गरज बघून ठरवतं. तिची आवड विचारतात, पण तीच मिळेल असं नाही.

क्षमावाणीला मीच फोन लावला. "बाळा, त्या दिवशी तुझं ऐकून न घेता बोलले. मला क्षमा कर."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "आजी, माझंही चुकलं. तुला आधी सांगायला हवं होतं. सही झाली माझी."

मी माझी शंका तिला स्पष्ट विचारली. ती म्हणाली, "व्हिएतनाम युद्धाच्या वेळी इथल्या मुलांनी निदर्शनं केली आणि ही योजना हार्वर्डमधून बाहेर गेली. परत यायला २०११ उजाडलं. पण आजी, सैन्य काही बंद झालं नाही. तिथे कुणीतरी असणारच. जिला मारताना जड जाईल अशी एखादी असू दे ना."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पटलं असंही नाही. "खातेस काय?" एवढंच विचारलं. सरावाला मिळणाऱ्या डबाबंद जेवणात शाकाहारी पाकिटं असतात म्हणे. कांदा-बटाट्याचं विचारलं तर हसली. "सूर्यास्ताआधी जेवायचं मात्र दरवेळी जमत नाही," हे तिने आपणहून सांगितलं. खोटं बोलली नाही, याचं बरं वाटलं.

मी क्षमा मागितली, पण मनापासून संमती अजून देता आलेली नाही. रोज सामायिकाला बसताना तिच्या नावाने णमोकाराची एक माळ जास्त करते. पुढच्या महिन्यात लेकीबरोबर मेथीचे खाकरे पाठवणार आहे. पहाटेच्या कवायतीनंतर खायला होतील.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात कुणी गणवेशात आहे का? तुम्ही मनाची समजूत कशी घातलीत, मला जरूर कळवा.

उत्तम क्षमा.