वाकडी मान

पवनी, भाद्रपद.

नातवाची मान उजव्या खांद्याकडे कलते आणि हनुवटी डावीकडे वळते, हे प्रथम ध्यानी आले ते त्याला न्हाऊ घालणाऱ्या बाईंच्या; आणि तदनंतर घरात उशीचा दोष, दृष्टीचा दोष, मातेच्या निजण्याचा दोष असे जे तर्क उठले, त्या सर्वांचा निकाल, प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत बाळंतिणीच्या घरी येण्याच्या शिरस्त्याप्रमाणे आलेल्या आशाताईंनी, मान चोळू नका अशी सक्त ताकीद देऊन व भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाचा रस्ता दाखवून, एका क्षणात लावला. कानामागून गळ्याखालच्या हाडापर्यंत उतरणारा स्नायू आखडला आहे, असे डॉक्टरांचे निदान झाले. त्यांनी खुब्याचे सांधेही पाहिले (या व्याधीसोबत तेथेही क्वचित वैगुण्य असते) आणि हलक्या हाताने मान ताणण्याची रीत सुनेस शिकविली. जागेपणी, नजरेसमोर, बाळास पालथे निजवावे, खुळखुळा उजवीकडून वाजवावा, इतकीच काय ती चिकित्सा. परंतु दिवसातून अनेकदा आणि महिनोन्महिने! २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतही बालकांची विनामूल्य तपासणी होते. त्याची दवंडी मात्र कोणी पिटीत नाही. उपचार पहिल्या काही महिन्यांत सुरू झाल्यास बहुतेक बालके शस्त्रक्रियेवाचून सुधारतात. तेव्हा मान कलती दिसताच अंगारेधुपारे न करता रुग्णालय गाठावे, ही आयाबायांस विनंती.