कशाला जाते?

मैत्रिणींनो, पस्तिशी उलटल्यावर मी जपानी शिकू लागले, तेव्हा घरात हसूच झालं. पण परवा वर्गात एक गंमत कळली. 'काउ' म्हणजे विकत घेणे. त्याचं 'काइ' करायचं, पुढे 'नि' लावायचा: 'काइ नि इकिमास', घ्यायला जाते. 'मि नि इकिमास', बघायला जाते. आणि 'तोक्यो नि इकिमास', टोकियोला जाते! गावालाही 'नि', कामालाही 'नि'. अगदी आपल्या 'ला'सारखा. 'काइमोनो नि' म्हणजे तर सरळ 'खरेदीला'. मात्र हेतू सांगणारा हा 'नि' जाणे, येणे, परतणे अशा क्रियापदांबरोबरच चालतो.

बाईंनी वाक्यं लिहायला सांगितली. माझी वही भरली: भाजी आणायला जाते, मुलाला पोचवायला जाते, शाळेत शिकवायला जाते. स्वतःसाठी एकही वाक्य नव्हतं हो!

पुढच्या वर्गाला निघताना सासूबाईंनी विचारलं, "कुठे निघालीस गं?" एरवी मी "जरा जाऊन येते" म्हणून सटकायची. त्या दिवशी म्हटलं, "आई, शिकायला जाते." नाराइ नि इकिमास! त्या म्हणाल्या, "मग सावकाश ये. कुकर मी लावते."

तुमच्या वहीत आहे का असं एखादं वाक्य? नसेल तर आजच लिहा.